पिशवी घरी आली, माणूस नाही

ती घटना आठवली की मला अजूनही आधी हसू येतं, आणि हसून झालं की स्वतःचीच जरा लाज वाटते. तेव्हा मी सेलूकडच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. नावं कुणाचीच सांगणार नाही. या गोष्टीतले दोघे मित्र अजून बाजाराच्या दिवशी भेटतात आणि चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत. नावं छापली तर तो चहा बंद व्हायचा.

सकाळची हजेरी संपली आणि एक बाई आपल्या दोन भावांना घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"सायेब, मालक थायलंडला गेलते. संग गेलेला माणूस परत आला. मालक आले न्हाईत."

"थायलंडला कशाला गेले होते?"

"शेळ्या बघायला."

ठाणे अंमलदाराने चेहरा रजिस्टरमागे लपवला. दोघे शिपाई पाणी प्यायला म्हणून बाहेर गेले आणि बाहेरून त्यांच्या हसण्याचा आवाज आला. थायलंडला माणूस कशाला जातो याबद्दल आमच्या तालुक्याची काही ठाम मतं आहेत आणि त्यांत शेळी बसत नाही. पण बाई हसत नव्हती. तिला तिचा नवरा हवा होता, जिवंत. मी मिसिंग, म्हणजे माणूस हरवल्याची तक्रार, दाखल करून घेतली.

हरवलेला माणूस शेळ्यांचा मोठा कळप राखून होता. त्याने मोबाईलवर कुठेतरी सातून नावाच्या जिल्ह्याचा व्हिडिओ पाहिला. थायलंडच्या पार दक्षिणेला, मलेशियाच्या हद्दीला टेकलेला हा मुलूख. तिथे म्हणे शेळ्या लाकडी मचाणावर बांधतात. लेंड्या फळ्यांच्या फटींतून खाली पडतात आणि शेळीचे खूर पावसातही कोरडे राहतात. आपल्याकडे खूर सडून शेळ्या लंगड्या होतात, तेव्हा या गोष्टीने त्याची झोपच उडाली. त्याने जोडीला आपला मित्र घेतला. हा मित्र कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होता आणि कामापुरतं इंग्रजी बोलायचा, म्हणून दुभाषी. आपण त्याला काटेवाला म्हणू आणि हरवलेल्याला शेळीवाला.

काटेवाल्याला बोलावून जबाब घेतला. तो एकच वाक्य धरून बसला, "मागून येईल, साहेब." बोलताना नजर मात्र जमिनीवरून वर येईना.

दुसऱ्या दिवशी आमच्या खबऱ्याने पानटपरीवर माझ्या कानाशी लागून सांगितलं, "काटेवाल्याच्या घरी सरकीच्या पोत्यांमागं एक निळी बॅग हाय. कुणाला हात लावू देईना."

पंचांसमक्ष बॅग काढली. चेनला छोटं कुलूप होतं, ते तोडलं. आत कपडे, मोबाईल आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेला शेळीवाल्याचा पासपोर्ट. आमचे जमादार माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "साहेब, माणूस गेला." काटेवाल्याने पासपोर्ट बघून कपाळावर हात मारून घेतला. बाईचे भाऊ फाटकाशी उभे होते. मोठा म्हणाला, "आता ह्याला आमच्या ताब्यात द्या. फक्त अर्धा तास."

आता प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नव्हतं. परदेशात खून, प्रेत नाही आणि मयताची बॅग सोबत्याच्या घरी. वरिष्ठांना एक फोन केला असता तर संध्याकाळपर्यंत काटेवाला कोठडीत गेला असता आणि गावाने बाईचं कुंकू पुसलं असतं. पण मला तो पासपोर्ट खटकत होता. खून करून बॅग आणणारा माणूस ती विहिरीत टाकतो, पोत्यांमागे जपून ठेवत नाही.

मी काटेवाल्यासाठी चहा मागवला. "खुनाबद्दल काही विचारत नाही," म्हटलं. "प्रवास सांग. परभणीच्या स्टेशनापासून."

त्याचा चेहरा जरा उजळला. मुंबईहून बँकॉक विमानाने. बँकॉकहून रात्रीच्या रेल्वेने हाट याय, म्हणजे तिकडचं जंक्शन. सातूनला रेल्वे जात नाही, तिथून पुढे बारा-तेरा सिटांची व्हॅन. "रस्ता लय भारी, साहेब. दोन्ही बाजूंनी रबराची झाडं, खोडाला चिकासाठी वाट्या बांधलेल्या. मधूनच जमिनीतून सरळ वर आलेले डोंगर." सातून गावात फिरायला पिकअपच्या हौद्यात दोन बाकडी टाकलेली गाडी, वरून छप्पर. हात केला की थांबते, उतरायचं झालं की घंटी दाबायची. खाणं म्हणजे तव्यावरची मऊ रोटी आणि उंचावरून ओतलेला दुधाचा चहा. वस्ती बरीचशी मुसलमानांची, मशीद गावाच्या मधोमध. शेळ्यांच्या गोठ्यावर यांचं स्वागत असं झालं की जणू सोयरीक जुळवायला आलेत.

"समुद्र पाहिला का? तिथली बेटं प्रसिद्ध आहेत म्हणतात."

"कवा बघावं? ह्यो गोठ्यातून निघंना."

थायलंडला जाऊन समुद्र न पाहिलेला आरोपी माझ्या नोकरीत पहिलाच. मला मनातून आनंद झाला. खोटं बोलणाऱ्याने समुद्र नक्की पाहिला असता.

"बरं, परतीचा दिवस?"

इथे त्याची नजर पुन्हा जमिनीवर गेली. मग मी माझी आवडती युक्ती काढली. ठाण्यातल्या खुर्च्या ओळीने मांडल्या, ही व्हॅन. जमादार ड्रायव्हर. जमादारांनी खुर्चीवर बसल्या बसल्या तोंडाने गाडी सुरूही केली, त्यांना नाटकाची हौस होती. बाईला आणि भावांनाही आत बोलावलं.

"मी इथं मागच्या सीटवर," काटेवाला बसत म्हणाला. "त्यानं बॅग ह्या सीटवर ठेवली. खिडकीतूनच टाकणार होता, पण एसीची गाडी, खिडकी उघडंना. मग दारातून टाकली. वर टावेल हातरला. म्हणला, सीट धरली, आता एक चहा मारून येतो. माझा डोळा लागला. जाग आली तवा हाट याय आलतं. बाजूला बॅग, वर टावेल, माणूस न्हाई."

"खोटं!" धाकटा भाऊ उसळला. "माणूस न घेता गाडी निघती व्हय?"

"तिकडं येळ झाली की निघती. आपल्यासारखं कुणी वरडत न्हाई, थांबा, एक जण राह्यलाय म्हनून. मी त्याला फोन लावला तर शेजारची बॅगच वाजाय लागली."

"समदं रचून बोलायलाय ह्यो!"

"गप ऱ्हा," बाई भावावर ओरडली. सगळे वळले. तिने पदर सावरला आणि माझ्याकडे बघितलं. "सायेब, हे खरं हाय. मालक असंच करत्यात. मानवतच्या स्टँडवर आधी टावेल आन् बॅग गाडीत, मंग चहा. दर बारीला कंडक्टर घंटी मारतो आन् हे पळत येत्यात. आमच्या लग्नाच्या वऱ्हाडातबी असंच मागं राह्यलते."

ज्या बाईच्या तक्रारीने तो अडकला, तिनेच त्याला सोडवलं. माझ्या सेवेत याहून भक्कम साक्ष मी पाहिलेली नाही.

काटेवाला रडायला लागला. तो हाट यायच्या स्टँडवर दिवसभर थांबला होता, मागच्या गाडीने येईल म्हणून. संध्याकाळची बँकॉकची रेल्वे चुकवली असती तर पुढचं विमानही गेलं असतं आणि दुसऱ्या तिकिटाची सोय नव्हती. पासपोर्ट शेळीवाला नेहमी बंडीच्या चोरखिशात ठेवायचा. त्या दिवशी पावसाने बंडी भिजली म्हणून बॅगेत टाकला, हे आम्हालाही नंतर कळलं, याला तर ठाऊकच नव्हतं. दुसऱ्याच्या बॅगेचं कुलूप तोडणार कसं? "आन् वहिनीला नुसती बॅग कोणत्या तोंडानं देऊ?"

"तो चहा प्यायला कुठे गेला?" मी विचारलं. काटेवाल्याच्या मोबाईलमध्ये थांब्याजवळच्या रोटीच्या दुकानाचा फोटो होता आणि पाटीवर फोन नंबर. शिपायाच्या मोबाईलवरून व्हिडिओ कॉल लावला. जाळीची टोपी घातलेला एक गृहस्थ दिसला. भाषा कळेना, तेव्हा शिपायाने शेळीसारखा आवाज काढला. गृहस्थ खदखदून हसला आणि फोन घेऊन चालू लागला. थोड्या वेळाने पडद्यावर मचाणावरचा गोठा आला. एका शेळीपुढे पाला धरून आमचा माणूस बसला होता.

त्याने वर पाहिलं, माझी टोपी आणि खांद्यावरचे तारे पाहिले आणि उडी मारून गोठ्यामागे गडप झाला.

बाईने माझ्या हातातून फोन ओढला. "अवो! तोंड दावा आधी! पिशवी घरी आली, तुमी कवा येनार?"

गोठ्यामागून हळूहळू अर्धं डोकं बाहेर आलं. "मी रोज त्या गाडीपाशी जाऊन हुभा ऱ्हायलो. चुकामूक झाली तर जागा सोडायची न्हाई, आपली रीत हाय. नंबर समदे मोबाईलात, पाठ एकबी न्हाई. ह्यो कामून आला न्हाई?"

"आरं, मीबी तिकडं जागा सोडली न्हाई की!" काटेवाला रडता रडता ओरडला.

पुढचं काम कागदपत्रांचं. वरच्या कार्यालयांनी हात लावला, कागद फिरले आणि शेळीवाला घरी आला. मिसिंग बंद करण्यासाठी तो ठाण्यात आला तेव्हा सगळे त्याच्याभोवती जमले. त्याने शेळ्यांचे खूर किती कोरडे असतात ते सांगितलं, जमादारांनी पुन्हा व्हॅन चालवून दाखवली. सगळं सांगून झाल्यावर तो सहज बोलून गेला की त्या व्हॅनच्या थांब्यासमोरच, रस्ता ओलांडला की, पोलीस चौकी होती.

"समोर चौकी होती? मग गेला का नाहीस? पासपोर्ट हरवला म्हणून सांगायचं. एका दिवसात पत्ता लागला असता."

तो उठून उभा राहिला. आजवर मी कित्येकांना बोलतं केलं असेल, पण एवढं सरळ उत्तर मला कुणी दिलं नव्हतं.

"सायेब, आमी पोलिसात जात न्हाई. पोलीसच आमच्याकडं येतेत."

लोक मला विचारतात, तुम्ही कोणता मोठा गुन्हा उघडकीस आणला. मी हे प्रकरण सांगतो, ज्यात गुन्हा घडलाच नव्हता. भाषा न कळणाऱ्या त्या रोटी-चहावाल्याच्या घरी तो माणूस निर्धास्त झोपत होता आणि समोरचा रस्ता त्याला रोज ओलांडवत नव्हता. तो रस्ता सातूनचा नव्हता. पोलिसांची ती धास्ती त्याने आमच्याच ठाण्याच्या पायरीवरून सोबत नेली होती. त्यानंतर माझ्या टेबलासमोर जो कुणी बिचकत आला, त्याला मी आधी बसायला सांगितलं आणि नाव नंतर विचारलं.