बदल सेव्ह करायचा का?

परवा रविवारी दवनीवाड्यात, समाजाच्या ऑफिसात बसल्या बसल्या असा धक्का बसला की अजून सावरलो नाहीये...

आमच्या समाजाची वधू-वर यादी ठेवायचा प्रोग्रॅम मी लिहिलाय. फुकट लिहिलाय, म्हणून कोणी नावं ठेवली की जास्तच लागतं. एका ओळीत एक नाव, शेवटच्या रकान्यात 'शोध सुरू' किंवा 'लग्न ठरलं'. नावं भरते माझी धाकटी बहीण, चंदा.

महिन्याभरापूर्वी आई कुरकुरली, चंदासाठी एकही निरोप कसा येत नाही... मी यादी उघडली, तर चंदाच्या नावापुढे 'लग्न ठरलं'! घरचे दोन वर्षं स्थळं शोधताहेत आणि माझाच प्रोग्रॅम घोळ घालतोय.

चूक लगेच सापडली, असं तेव्हा वाटलं. माउसचं चाक चुकून फिरलं तरी रकान्यातली नोंद बदलायची, आणि खालच्या ओळीवर गेलं की बदल न विचारता सेव्ह व्हायचा.

दोन दिवस बसून दुरुस्ती केली. आता ओळ सोडताना कॉम्प्युटर थांबतो, नाव दाखवतो आणि विचारतो, 'बदल सेव्ह करायचा का?' हो दाबल्याशिवाय काहीच सेव्ह होत नाही. चंदाची ओळ मी स्वतः नीट केली, वर तिला नीट बघून काम करण्यावर लेक्चरही दिलं.

परवा यादी छापायला द्यायची म्हणून उघडली. चंदापुढे पुन्हा 'लग्न ठरलं'.

आता हे चुकून होणं शक्यच नव्हतं. ती शेजारीच फॉर्म लावत बसली होती. "काऊन केलंस हे?" एवढंच तोंडातून निघालं.

"मले आता लग्न नाही करायचं, भाऊ. नर्सिंग करून राहिली ना मी," ती म्हणाली. "तुह्या कॉम्प्युटरनं इचारलं, मी हो दाबलं. घरी कोणी इचारलं होतं काय मले?"

तिचा बायोडाटा मीच टाइप केला होता. तिला न विचारता.

यादी चंदाच्या नावाशिवाय छापायला गेली. घरी मीच सांगितलं, आई अजून माझ्याशी बोलत नाहीये. चालेल.

ही पोस्ट टाकू का, हे आधी चंदाला विचारलं. हो म्हणाली.