कल्लेबाईंचं कालवण

बाजारात सगळे ताजा मासा मागतात. आमच्या कल्लेबाई आजारी मागायच्या. स्वतः जन्माच्या शाकाहारी. श्रीरामपूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या आणि मासा दिसला की आधी त्याचे कल्ले उचलून बघायच्या, म्हणून पोरांनी हे नाव ठेवलेलं. मासेवाली मावशी वैतागायची, "ओ बाई, हळू बोला की, गिऱ्हाईक पळतंय ना माझं."

मी तिथेच मराठी शिकवायचो. माझा मासळीशी संबंध फक्त ताटापुरता, तरी पिशवी धरायला मला स्कूटीवर मागे बसवून ओढ्यावर न्यायच्या. ओढ्याच्या वरच्या अंगाला जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणारी शेड होती. तिचं पाणी थेट ओढ्यात. खालच्या चिलापी माशांचे कल्ले फिके, बुळबुळीत, यकृत सुजलेलं. बाईंनी तपासून घेतलं तर मासळीत शिसं निघालं. वस्तीतली पोरं तेच मासे रोज खात होती, आणि बाईंची झोप उडाली. पण शेडवाले शेठ सगळ्यांना सांगत, "पानी एक नंबर हाय. मी सोता खातो हितले मासे." शेठच खातात म्हटल्यावर बाईंचं कोण ऐकणार?

मग बाईंनी यूट्यूब बघून त्याच ओढ्यातल्या माशांचं कालवण केलं. रोज मासे चिरणाऱ्या बाईंना ते फोडणीत टाकताना घाम फुटला. डबा घेऊन आम्ही शेडवर. शेठ म्हणाले, "आज गुरुवार." शुक्रवारी संकष्टी निघाली. शनिवार मारुतीचा. रविवारी मेहुण्याकडे सत्यनारायण. सोमवारी महादेव, मंगळवारी देवी. इतका धार्मिक माणूस मी उभ्या जिल्ह्यात पाहिला नाही. बाई रोज नवं कालवण करायच्या, आणि हात असा बसला की वासानं माझाच जीव कासावीस व्हायचा.

बुधवारी शेठकडे देव उरला नाही. कामगार भोवती जमलेले, इज्जतीचा प्रश्न. शेठनी भाकरी मोडली, कालवणात बुडवली, घास तोंडाशी नेला. मी हसू दाबून उभा. तेवढ्यात बाईंनी झडप घालून त्यांचा हात धरला.

"नका हो खाऊ," बाई म्हणाल्या. "तुम्हालाही लेकरं आहेत."

शेठनी घास डब्यात ठेवला. मग हात न धुताच उठले आणि ओढ्यात जाणाऱ्या पाइपाचा व्हॉल्व्ह स्वतः बंद करून आले. मला बाईंचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

गेल्या वर्षी बाई निवृत्त होऊन लेकीकडे निघाल्या. स्टँडवर शेठही आले होते, पाया पडले. एसटी हलली तशा बाई खिडकीतून बजावू लागल्या, "ओढा निवळायला वेळ लागेल. इतक्यात मासा खायचा नाही हं."

शेठ गाडीमागं पळत सांगत होते, "न्हाई खाऊ देत बाई, कुनाच्याच लेकराला न्हाई."