दोऱ्याने मोजलेले बहारीन

प्रवासवर्णन लिहावे असे मी काही पाहिलेले नाही. कोलशेतहून सांताक्रूझच्या विमानतळापर्यंत गेलो आणि परत आलो, एवढेच. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून हे धाडस करतो आहे. वाचकांनी क्षमा करावी.

माझा दादूस (थोरला भाऊ) बहारीनला तेलाच्या कारखान्यात आहे. यंत्रात त्याचा हात सापडला, म्हणून साहेबांनी त्याला विमानाने घरी पाठवायचे ठरवले, अशी त्याची तार आली. हात राहिला की गेला, ते तारेत नव्हते. मंगळवारी सकाळी सहाला निघतो, एवढेच होते.

"बाला, कवरं लांब हाय रं? कवा पोचंल?" आयस (आई) म्हणाली.

माहीत नाही, असे मी म्हणायला हवे होते. पण सगळे माझ्याकडे बघत होते. मी नकाशावर बहारीनपासून मुंबईपर्यंत दोरा ताणला आणि मैलांच्या पट्टीवर धरला. सुमारे दीड हजार मैल. विमान ताशी दोनशे मैल जाते, असे कुणाकडून तरी ऐकले होते. "साडेसात तास," मी सांगितले. "दीड वाजता उतरेल."

मंगळवारी पहाटे धर्माकाकांच्या मिठाच्या लॉरीतून मी आणि वहिनी निघालो. गोण्यांवर बसलो होतो. खाडीचा वारा मागे पडला तशी वहिनीने डोक्यावरचा पदर घट्ट ओढून घेतला. कुर्ल्याला उतरून पुढे बरेचसे चालतच गेलो.

विमानतळावरची फरशी इतकी चकचकीत, की वहिनीने चपला हातात घेतल्या. बरोबर तांदळाच्या भाकऱ्या आणि भाजलेले बोंबील होते, पण तिथे वास सुटेल म्हणून फडके सोडवेना. दीड वाजला. दोन वाजले. एकेक विमान उतरले की वहिनी उभी राही आणि पुन्हा बसे.

"भावजी, इचारा ना. तुमाला इंग्रजी येतं."

मी मनात इंग्रजी वाक्य दोनदा जुळवले. खिडकीतल्या गृहस्थांनी ते पुरे ऐकून मराठीत विचारले, "दीड वाजता येईल, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी खिडकीच्या काठावरचा हात काढून घेतला.

"अहो, ते वाटेत तेल घ्यायला उतरतं. शिवाय बहारीनची घड्याळं आपल्या मागे असतात. आणि आज ते कराचीला पोचल्याचीसुद्धा खबर अजून आलेली नाही. उद्या चौकशी करा."

वहिनीचे तान्हे मूल घरी होते, त्यामुळे थांबता येईना. परतीच्या लॉरीत धर्माकाकांनी सगळे ऐकून घेतले. "काय रं, तुज्या दोऱ्याला बांदलंय काय इमान?" ते हसले. वहिनी हसली नाही. मी तास सांगितलेच नसते, तर तिला आज नुसती वाट पाहावी लागली असती. दीड वाजल्यापासून ती जे सोसत होती, ते माझ्यामुळे.

आयस दारातच उभी होती. "मंग आता कवा येल?"

"मला ठाऊक नाही, आयस."

तिने मला पाणी दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तार आली. आधी मी ती तीनदा मनात वाचली, मग मोठ्याने मराठीत सांगितली: "कराचीस सुखरूप. वाळूच्या वादळाने खोळंबलो. दोन बोटे गेली, हात आहे."