हात न लागलेलं पाणी

नवऱ्याला तारापूरला नोकरी लागली म्हणून आम्ही बोईसरला आलो, आणि केमिस्ट्रीची पदवी वाया जाऊ नये म्हणून मी मासवणकडच्या एका बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळू लागले. पाणी यायचं आवारातल्या बोअरवेलमधून. आम्ही ते गाळून त्यातला सगळा क्षार काढून टाकायचो आणि मग गोणीतली पावडर मापाने मिसळून थोडा परत घालायचो. त्या पावडरीला लेबलवर ‘नैसर्गिक खनिजं’ म्हणत.

एकदा शेठनी मुंबईहून जाहिरातवाला बोलावला. त्याने एसीमध्ये बसून कारखाना पाहिला आणि नवं लेबल लिहून दिलं: ‘सह्याद्रीच्या अस्पर्श झऱ्यातून, मानवी हात न लागलेलं’. शेठनी ते शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे पाठवलं. मी दोन वेलांट्या दुरुस्त केल्या. झरा कुठला, हे विचारलं नाही. वेलांट्यांच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे.

लेबलं छापून आली. डोंगरातल्या पाड्यांवरून येणाऱ्या आठ-दहा बायका ती बाटल्यांना चिकटवायला बसल्या. त्यांतल्या सगळ्यात जुन्या बाईंनी मला लेबल वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. त्यांनी डिंक लागलेले दोन्ही हात पुढे धरले आणि म्हणाल्या, “मंग हे कोनाचे?”

बाकीच्या हसल्या. मीही हसले.

महिन्याभराने पालघरचे एक निवृत्त मास्तर बायकोसह फाटकाशी उभे राहिले. हातात आमची बाटली, खांद्याला डब्याची पिशवी. दोघं कितीतरी वर्षं तालुक्यातले झरे पायी हिंडून पाहत होते आणि वहीत टिपून ठेवत होते. हा झरा त्यांच्या वहीत नव्हता. आपलाच शोध अपुरा पडला, असं वाटून बिचारे खजील झाले होते.

शेठनी मला आत बोलावलं. झरा फार लांब आहे, वाट ढासळलीय, असं सांगून त्यांना चहा पाजून वाटेला लावा, म्हणाले. मी बाहेर येऊन तसं सांगितलंही. पण मास्तर म्हणाले की वाट वाईट असली तर हळू चालू. त्यांची बायको तर चपलांचे बंद आवळायला लागली.

तेवढ्यात लेबलं चिकटवणाऱ्या त्या जुन्या बाई रिकामी खोकी घेऊन बाहेर आल्या. मास्तरांनी त्यांना झऱ्याची वाट विचारली. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

“झरा नाय इथं,” त्या म्हणाल्या. “बोरिंग हाय. त्या पत्र्याखाली.”

मास्तर पत्र्याच्या शेडपर्यंत गेले. मोटर घरघरत होती. त्यांनी ‘अस्पर्श’ हा शब्द कोणी लिहिला, एवढंच विचारलं. मी जाहिरातवाल्याचं नाव सांगितलं. वेलांट्यांचं श्रेय घेतलं नाही.

मास्तरांनी शेठना पत्र धाडलं, तक्रार करीन असं बजावून. शेठ घाबरले आणि त्यांनी लेबल बदललं. आता ते होतं: ‘झऱ्याची आठवण करून देणारं, मायेच्या हातांनी भरलेलं’. मायेचे हात पूर्वीइतक्याच पगारावर होते. मीही होतेच.

मास्तरांनी जाताना बाईंना विचारलं होतं, तुमच्या पाड्यावर झरा आहे का? आहे म्हटल्यावर होळीनंतरच्या एका सुट्टीच्या दिवशी ते दोघं तिथे गेले. मीही गेले, बहुधा लाजेपोटी. चढ संपला तिथे दगडांमध्ये एक खड्डा होता. तळाशी पाणी झिरपत होतं, जेमतेम वाटी बुडेल इतकं. बाईंनी वरचा पाला अलगद बाजूला केला, गाळ बसू दिला आणि वाटी-वाटीने हंडा भरू लागल्या. अजून पंधरा दिवस पुरेल, मग टँकरची वाट पाहायची, असं त्या सांगत होत्या.

मास्तरांनी वही उघडून झऱ्याचं नाव विचारलं.

“नाव नाय त्याला,” त्या म्हणाल्या.

मास्तरांनी मग पाड्याचं नाव लिहिलं आणि त्यापुढे बाईंचं. त्यांच्या बायकोने खाली बसून वाटी मागून घेतली, आणि हंडा भरेपर्यंत दोघी आळीपाळीने पाणी काढत राहिल्या.