साक्षीदाराला दोनदा विचारणारा डॉक्टर

नंदाचा फोन आला तेव्हा मी चाकूरच्या घरी चहा गाळत होतो. "दादा, उमादादा गेले रे…" एवढंच ती बोलू शकली. नंदा माझी धाकटी बहीण. तिच्या पोटात माझी किडनी आहे, आणि ती आजवर टिकली ती डॉ. उमाकांतमुळे. माझा हा शाळासोबती हृदयविकाराच्या झटक्यानं गेला, दवाखान्यात न्यायलाही वेळ न देता. आता महिना उलटून गेला, तरी काही दुखलंखुपलं की हात अजून त्याचाच नंबर लावायला जातो.

उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्याच्या वडिलांची, अप्पांची, आडत होती. पोरानं गादीवर बसावं ही त्यांची इच्छा. हा डॉक्टर झाला, हैदराबादेत किडनीच्या आजारांचं शिक्षण घेतलं आणि तिथली चांगली नोकरी सोडून लातूरला आला. "इथं काय ठेवलंय?" अप्पांनी विचारलं. "इथले पेशंट हैदराबादला खेटे घालून राहिलेत, अप्पा. मीच इकडं आलो तर त्यांचा फेरा वाचंल." स्वभाव मात्र तापट. पथ्य मोडणाऱ्यावर असा ओरडायचा, की बाहेर बसलेली माणसं चिडीचूप व्हायची. मग त्याच पेशंटला स्कूटरवर बसवून स्टँडवर सोडायलाही हाच जायचा.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या दुष्काळातली गोष्ट. नंदा लातुरातच राहायची. किडनी बसवून तिला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. एक दिवस तिला बारीक ताप भरला, आणि तपासणीत कळलं की किडनीचं काम मंदावलंय. हैदराबादच्या सर्जननी फोनवर सांगितलं, शरीर किडनी नाकारत असावं, स्टेरॉइडचे मोठे डोस सुरू करा. उमाकांत खुर्चीत टेकून बसला. त्यानं जंतूंवरचं औषध लगेच सुरू केलं, पण स्टेरॉइडला हात लावेना. मी घाबरलो. "अरे, ते एवढे मोठे डॉक्टर सांगतायत…"

"अरे, नीट ऐक. किडनी टिकावी म्हणून हिची प्रतिकारशक्ती आपणच दाबून ठेवलीय. आत जंतू असतील अन् मी ती आणखी दाबली, तर तुझी किडनी वाचवता वाचवता नंदाच जाईल. आणि शरीर खरंच किडनी नाकारत असंल, तर मी थांबलो म्हणून किडनी जाईल."

मग त्यानं रक्ताची एक तपासणी करायचं ठरवलं. तेव्हा ती आमच्याकडे नवी होती आणि त्याच्या माहितीत नांदेडच्या एका प्रयोगशाळेत व्हायची. जिवाणूंचा संसर्ग झाला की रक्तात एक पदार्थ झपाट्यानं वाढतो. शरीर किडनी नाकारत असताना तो सहसा तेवढा वाढत नाही. "म्हणजे पक्का पुरावा?" मी विचारलं. "पुरावा न्हाई, साक्षीदार हाय. साक्षीदार कधी खोटं बी बोलतो. म्हणून दोनदा विचारायचं, अन् दुसऱ्या साक्षी बी काढायच्या."

बर्फाच्या डब्यात रक्ताचा नमुना घेऊन मी जीपनं नांदेडला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळं, भेगाळलेलं रान. माझी किडनी मी हसत हसत दिली होती. त्या दिवशी मात्र मांडीवरचा तो डबा पेलवत नव्हता. संध्याकाळी आकडा कळला. खूप वाढलेला. मी लगेच उमाकांतला फोन केला. "बरं झालं थांबलो," एवढंच म्हणाला. पुढं लघवीच्या तपासणीतही जंतू सापडले. रक्त पुन्हा नांदेडला गेलं, आणि या वेळी आकडा उतरलेला आला. औषध लागू पडलं होतं. किडनी हळूहळू पूर्वपदावर आली.

पण जंतू आले कुठून? उमाकांतनं खोदून खोदून विचारलं, तेव्हा नंदा रडायला लागली. टँकरचं पाणी लेकरांना पुरावं म्हणून ती स्वतः दिवसभर दोन-चार घोटांवरच काढत होती, आणि पाणी कमी पडलं की लघवीत जंतू वाढतात. आता हा ओरडणार म्हणून मी डोळेच मिटले. तो ओरडला नाही. दुसऱ्या दिवसापासून तिच्या दारात रोज पाण्याचे दोन जार उतरू लागले. "एक लेकरांचा. दुसरा तुझा, त्याला औषध समजायचं." त्या उन्हाळ्यात त्याच्या दवाखान्याबाहेर उदगीर जिल्हा व्हावा की नाही, यावर माणसं हमरीतुमरीवर यायची. हा दार उघडून म्हणायचा, "जिल्हा कवा व्हायचा तवा होऊ द्या. आज पाणी किती पिलात, ते सांगा आधी."

दुसऱ्यांचं रक्त दोनदा तपासणाऱ्या या माणसानं स्वतःचं मात्र कधी तपासलं नाही. छातीत दुखतंय हे वहिनींनाही सांगितलं नव्हतं.

दर रविवारी सकाळी तो किडनी बसवलेल्या आपल्या सगळ्या पेशंटना फोन करायचा. तो गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी नंदाकडे होतो. फोन वाजला आणि ती दचकलीच. पलीकडे हदगावचे एक गृहस्थ होते, तिच्यासारखीच किडनी बसवलेले, दवाखान्यात कधीतरी शेजारी बसून नंबर घेतलेले. "ताई, डॉक्टरसाहेब इचारत होते ना… म्हणून म्या इचारतो. ताप न्हाई ना? पाणी पिऊन राहिल्या ना?"

"हाव, पिते," नंदा म्हणाली. फोन ठेवला, डोळे पुसले… आणि उमाकांतच्याच पेशंट असलेल्या भोकरच्या एका बाईंचा नंबर लावला.