दाराचं तेवढं काढ

"बघू दे की रे! लपवण्यासारखं उरलंय काय माझ्यात?" असं म्हणून मावशी पदराने यंत्रावरची धूळ पुसायच्या.

बोरिवलीच्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर त्या एकट्याच राहायच्या. मुलगा कॅनडात. अंधेरीतल्या आमच्या कंपनीची छोटी छोटी यंत्रं त्याने आईच्या घरात बसवून घेतली होती. पलंगाखाली, फ्रिजला, बाथरूममध्ये, दारावर. आई कधी उठली, जेवली का, घरात किती माणसं आली, सगळं त्याला तिकडे मोबाइलवर दिसायचं.

माझं काम जरा चमत्कारिक होतं. खासगीपणा म्हणजे नेमकं काय आणि तो मोजायचा कसा, हे ठरवायचं. त्यासाठी मी घरोघर जाऊन एकेका यंत्राबद्दल विचारायचो, की हे दुसऱ्याला कळलं तर तुम्हाला किती खुपेल? शून्य ते पाच.

मावशींनी सगळ्याला शून्य दिलं.

"बाथरूमला तरी?"

"अरे मेल्या, पडले तर कळायला नको कोणाला?"

फ्रिजला शून्य, झोपेला शून्य. "घोरते का, तेही बघ म्हणावं," म्हणून हसल्या. त्यांचे आकडे बघून आमचे साहेब म्हणाले, "या बाईला प्रायव्हसी नकोच आहे यार!" मलाही तसंच वाटलं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, कुरिअरवाल्यालासुद्धा दारात बोलण्यात अडकवून ठेवणारी. त्यांना कोणी नुसतं बघत असलं तरी बरं वाटतं.

मग एकदा मुलाचा कंपनीत फोन आला. दाराचं मशीन खराब आहे. आई सांगते रोज कोणी ना कोणी येतं, तळमजल्यावरच्या काकू तर तासन्‌तास गप्पा मारत बसतात, पण मोबाइलवर घरात एकच माणूस दिसतं.

मी जाऊन तपासलं. मशीन ठणठणीत होतं. स्टुलावरून उतरलो तर मावशी समोर उभ्या.

"दाराचं तेवढं काढ," त्या हळूच म्हणाल्या. "कोणी येत नाही रे. पण त्याला कळलं ना, तर तो मला इथे ठेवायचा नाही. वृद्धाश्रम बघून ठेवलाय त्याने. माणसं येतात-जातात म्हणून गप्प आहे."

मी सवयीने विचारलं, "दाराला किती देऊ?"

"पाच. दहा असतील तर दहा दे."

मशीन बिघडलंय आणि तसलं दुसरं आता मिळत नाही, असं मुलाला सांगून मी ते काढून नेलं. फार वाईट वाटत होतं. या बाईला जेवण, झोप, आंघोळ यातलं काहीच झाकायचं नव्हतं. आपल्याकडे कोणी येत नाही, एवढंच झाकायचं होतं.

पुढे मावशी त्याच घरात, झोपेतच गेल्या. मुलगा आला. तेराव्याच्या आदल्या दिवशी त्याचा मला फोन. "आईकडे येणाऱ्या सगळ्यांना जेवायला बोलवायचंय. त्यांच्यामुळेच ती इथे राहू शकली. तुमचं जाणं-येणं होतं, तुम्ही ओळखत असाल ना त्यांना?"

"हो," मी म्हणालो.

मग मी त्या बिल्डिंगमध्ये एकेका घराची बेल वाजवत फिरलो. बऱ्याच जणांनी आधी "कोण मावशी?" असंच विचारलं. सगळं सांगितल्यावर मात्र कोणी नाही म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी ते घर माणसांनी भरून गेलं. हात धुवायचं बेसिन कुठे आहे, हे त्यांतल्या एकालाही माहीत नव्हतं. मुलगा स्वतः वाढत होता. वाढता वाढता तो तळमजल्यावरच्या काकूंपुढे थांबला.

"आई तुमच्याबद्दल फार बोलायची. तिच्या हातचं काय आवडायचं तुम्हाला?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले.

"चहा," त्या म्हणाल्या. "आलं घालून करायच्या."