अरुणाताईंचा हायफाँगचा बेत

कळंबोलीच्या आमच्या कॉलेजात कुठलाही कागद अडला की तो शेवटी अरुणाताई मोहित्यांच्या खिडकीशी येतो. बोनाफाईड, परीक्षेचा फॉर्म, आडनावातली चुकलेली वेलांटी, सगळं. मी तिथं अकाउंट्स शिकवतो. ताईंनी कुणाला 'उद्या या' म्हटल्याचं गेल्या बावीस वर्षांत मी ऐकलेलं नाही. त्यांचे वडील जोतीराम साताऱ्याकडून येऊन इथल्या लोखंडबाजारात माथाडी झाले. आई गेल्यावर आता घरात बापलेक दोघंच.

त्या वर्षी कॉलेजनं एक मोठी उडी घ्यायचं ठरवलं होतं. बीएमएसच्या दुसऱ्या वर्षाची सोळा मुलं उन्हाळी सुट्टीत तीन आठवडे व्हिएतनामला, हायफाँग नावाच्या बंदराच्या शहरात शिकायला जाणार होती. तिथल्या एका विद्यापीठाशी बोलणी झाली होती. पण ज्या प्राध्यापकांनी हे सुरू केलं, तेच जानेवारीत दुसरीकडे रुजू झाले. मागे राहिली एक फाइल. प्राचार्यांनी ती अरुणाताईंच्या टेबलावर ठेवली.

"बेत तयार आहे. तुम्ही फक्त कागदपत्रं बघा."

ताईंनी फाइल वाचली आणि दुपारच्या सुट्टीत ती माझ्यासमोर आणून आपटली. समुद्रकिनारा, बोटीतली सफर, केबल कार, परत समुद्रकिनारा आणि मधेच कुठंतरी दोन व्याख्यानं.

"सर, हा अभ्यास आहे की वऱ्हाड निघालंय?"

मी हसलो. म्हटलं, "मग तुम्हीच सांगा, काय असावं?"

त्यांनी फाइल उचलून पिशवीत टाकली. घरी गेल्यावर त्यांनी वडिलांना विचारलं, की तुम्ही गावाकडून आलात तेव्हा बाजार तुम्हाला कळला कसा. पुढं हे त्यांनीच मला सांगितलं. जोतीराम म्हणाले, "कळला कुटं? म्हैनाभर एकाच गाळ्यासमोर हुबा हुतो. कोन येतंय, कोन घासाघीस करतंय, कोन नुस्ता चा पिऊन जातंय, बघत ऱ्हायलो. मग उमगायला लागलं."

ताईंनी बेत तिथूनच बदलायला घेतला. सकाळी विद्यापीठात दोन तास वर्ग. दुपारी, आणि जो धंदा पहाटेच चालतो तिथं पहाटे, दोन-दोन मुलं एकेका लहान धंद्यात. कुणी बर्फाच्या कारखान्यात, कुणी स्कूटर दुरुस्तीच्या दुकानात, कुणी लोखंडाच्या वखारीत, कुणी न्याहारीला रस्सा-शेवया विकणाऱ्या दुकानात. तीनही आठवडे तीच जागा, रोज नवीन नाही.

हे जमवायचं तर तिकडे कुणीतरी हवं. विद्यापीठाच्या ऑफिसात लान नावाच्या बाई होत्या. ताईंसारख्याच, खिडकीवरच्या. दोघींचंही इंग्रजी सारखंच अडखळणारं, त्यामुळे दोघींना एकमेकींचं अगदी स्वच्छ कळायचं. आमच्या प्राध्यापकांच्या लांबलचक पत्रांना तिकडून आठवड्यानं उत्तर यायचं; ताईंच्या चार ओळींना तासाभरात. पंधरा दिवसांत लानबाईंनी आठ दुकानदार गाठले.

प्राचार्यांनी नवा बेत पाहून कपाळाला आठ्या घातल्या. "अहो ताई, उद्या मॅनेजर होणारी ही मुलं. त्यांना शेवयांच्या दुकानात बसवणार?"

"सर, मोठ्या कंपनीत नेलं तर कॉन्फरन्स हॉलमध्ये बसवतील, बिस्किटं देतील, फिल्म दाखवतील. दुकानात निदान काही विचारतील तरी."

प्राचार्यांनी फाइल मिटून परत दिली. मग म्हणाले, "पालकांना पटवा. ती जबाबदारी तुमची."

पालकसभा मार्चमध्ये झाली. दुसऱ्या रांगेत यशोदाबाई बसल्या होत्या. नावड्याच्या, नऊवारी नेसलेल्या, सोनलच्या आजी. सोनल आमच्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी, आणि घरात आजीचाच शब्द चालायचा. ताईंचं बोलणं संपेपर्यंत यशोदाबाई थांबल्या आणि मग उभ्या राहिल्या.

"बाय, एक सांग. तू गेली हाईस का तिकरं?"

"नाही आजी. मी विमानातसुद्धा कधी बसले नाही."

सभागृहात चुळबुळ झाली. प्राचार्यांनी रुमाल काढून घाम पुसला.

"मंग तुला काय ठावं?"

"ठाऊक नाही म्हणून तर प्रत्येक गोष्ट चार-चारदा विचारली," ताई म्हणाल्या आणि सांगू लागल्या. मुलींच्या वसतिगृहाचं फाटक किती वाजता बंद होतं, किल्ली कुणाकडे असते, दवाखाना किती पावलांवर, तिथं इंग्रजी येणारी डॉक्टर कुठल्या वारी असते. शाकाहारी मुलांसाठी टोफू कुठं मिळतो तेही. मग म्हणाल्या, "तरी शंका असेल तर त्यांनाच विचारा." आणि मोबाइल प्रोजेक्टरला जोडून थेट लानबाईंना व्हिडिओ कॉल लावला.

लानबाई त्या वेळी घरी जाता जाता बाजारात थांबल्या होत्या. मागे गलका चालला होता. यशोदाबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "पोरीला जेवान काय?" सोनलनं लाजत त्याचं इंग्रजी केलं. लानबाईंनी लगेच फोन फिरवला. पडद्यावर टोपली दिसली, दोरीनं नांग्या बांधलेल्या, पाय हलवणाऱ्या खेकड्यांची.

"आगो बाय!" यशोदाबाई पुढच्या खुर्चीवर रेलल्या. "या तं आपल्या चिंबोऱ्या! खारीतल्या!"

लानबाईंनी एक चिंबोरी उलटी करून दाखवली. यशोदाबाईंनी पोटावरचं झाकण पाहून ती मादी असल्याचं आणि चांगली भरलेली असल्याचं जाहीर केलं. दुभाष्याची गरजच उरली नाही. सगळं सभागृह हसत होतं.

"पोर उपाशी नाय मरायची," त्या खाली बसता बसता म्हणाल्या, "पन ही बाय बरोबर जात असंल तरच मी पोरीला तिकरं धारीन."

एवढं म्हटल्याबरोबर आणखी तीन मुलींच्या आयांनी माना डोलावल्या. बरोबर जाणार होतो प्राचार्य आणि मी. प्राचार्यांनी पालकांकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं. ते कौतुक करण्यात कंजूष, पण त्या दिवशी उठून म्हणाले, "माझ्या जागी अरुणाताई जातील. बेत त्यांचा आहे."

ताईंचा चेहरा उतरला. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "सर, सोळा पोरांचे पासपोर्टचे फॉर्म मी भरून दिले. माझाच नाहीये."

त्यातून शाळेच्या दाखल्यावर आडनाव 'मोहीते' आणि आधार कार्डावर 'मोहिते'. खिडकीच्या पलीकडच्या बाजूला रांगेत उभं राहून ती वेलांटी दुरुस्त करून घेणं ताईंना नवीन होतं. पोलीस चौकशीला हवालदार घरी आले तेव्हा ताई कॉलेजात होत्या. हवालदारांनी जोतीरामांना विचारलं, "बाई परदेशात कशाला चालल्यात?"

"धंदा बघायला."

"कुठला धंदा?"

"त्ये बघितल्यावरच कळंल की," जोतीराम म्हणाले आणि त्यांना चहा पाजला. पासपोर्ट दहा दिवसांत आला.

मेअखेरीस आम्ही निघालो. विमान वर जाताना ताईंनी शेजारी बसलेल्या सोनलचा हात इतका घट्ट धरला, की तिच्या बांगड्यांचे वळ उठले. हनोईला उतरलो, तिथून बसनं हायफाँग. लानबाई फाटकाशीच उभ्या होत्या. दोघींनी एकमेकींना काय म्हटलं ते मला ऐकू आलं नाही, पण बराच वेळ कुणी कुणाचा हात सोडला नाही.

चौथ्याच दिवशी अडचण आली. सोनल आणि तिचा जोडीदार प्रीतम ज्या शेवयांच्या दुकानात जात होते, त्या मालकीणबाईंनी दोघांना हात हलवून बाहेर काढलं. मुलं रडवेली होऊन परत आली. प्रीतमचं म्हणणं, "आम्ही फक्त विचारलं, मॅडम. टर्नओव्हर किती, प्रॉफिट मार्जिन किती..."

"कधी?"

"सकाळी सात वाजता."

"म्हणजे ऐन गर्दीत," ताई म्हणाल्या. "हातात वह्या घेऊन?"

दुसऱ्या दिवशी सहालाच त्या दोघांना घेऊन गेल्या. वह्या खोलीवर ठेवायला लावल्या. मीही मागे मागे गेलो. मालकीणबाईंनी कपाळाला आठी घातली. ताईंनी हसून मान लववली, कोपऱ्यात पालेभाजीचा ढीग पडला होता तिथं स्टुलावर बसल्या आणि पानं निवडू लागल्या. मेथी निवडावी तशी, दांडे वेगळे, पानं वेगळी. मालकीणबाई बघत राहिल्या. मग पुढं येऊन त्यांनी दांडे उचलून दाखवले, की हे टाकायचे नाहीत, हेही घालतात. ताईंनी जीभ चावली. दोघी हसल्या. सोनल खाली बसली, प्रीतमनं वाट्या विसळायला घेतल्या.

पुढचे अडीच आठवडे दोघं रोज पहाटे हजर. शेवटच्या दिवशी विद्यापीठाच्या वर्गात सोनलनं सगळ्यांसमोर सांगितलं, की ते दुकान सकाळी दहालाच का बंद होतं. चिंबोऱ्यांचा रस्सा तेवढाच होतो, कारण बाई एकाच कोळिणीकडून ताजा माल घेतात. जास्तीचा मिळतो, पण तो शिळा. आणि दहानंतर तीच टेबलं त्यांच्या भावजयीच्या चहाच्या दुकानाला. मालकीणबाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. लानबाई त्यांना एकेक वाक्य सांगत होत्या आणि त्या मान हलवत होत्या. शेवटी त्यांनी एकच दुरुस्ती केली: भावजय नाही, नणंद.

परत आलो तेव्हा विमानतळावर यशोदाबाई आल्या होत्या. आधी नातीला पाहिलं, मग ताईंना म्हणाल्या, "सुकली नाय. बरं केलंस."

ऑगस्टमध्ये लानबाईंचं पत्र आलं, नेहमीसारखं चार ओळींचं. त्यांच्या विद्यापीठाची बारा मुलं डिसेंबरात इकडे येऊ इच्छितात, बेत ताईंनीच करावा. मागच्या आठवड्यात मी ताईंबरोबर पावणे एमआयडीसीत गेलो होतो, तिथल्या लहान कारखान्यांतून फिरायला. पहिल्या दोघांनी नाही म्हटलं. तिसऱ्यानं विचार करून सांगतो म्हटलं. चौथे गृहस्थ लेथवर काम करत होते. त्यांनी मशीन बंद केलं, हात पुसले आणि सगळं ऐकून घेतलं.

"पोरं शिकलेली, फॉरेनची. आमच्याकडं करतील काय?"

"पहिले दोन दिवस काहीच नाही. नुसती उभी राहतील," ताई म्हणाल्या. "चालेल ना?"

"चालंल की. पण दुपारी आमच्याबरोबरच जेवतील ना? त्यांना तिखट चालतं का, ते विचारून ठेवा."